मॅडमची कवायत

मुक्ताबाईला किळस फार. चारचौघींना येते तेवढी आली असती तर कुणी बोललं नसतं, पण हिची किळस जन्माबरोबरच आलेली होती. काटेवाडीला माहेरी दावणीला आठ जनावरं, आणि ही पोर शेणात हात घाल म्हटलं की उलटी काढायची. कुणब्याच्या घरात ही कुठली सोवळ्यातली जन्माला आली, असं म्हणत तिच्या आईनं कपाळाला हात लावला होता. लग्न होऊन इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत ती नांदायला आली, तेव्हा तिला नवऱ्यापेक्षा नळाचं अप्रूप जास्त वाटलं. नवरा महिपती शेतकी खात्यात कारकून होता, आणि त्याच्याविषयी याहून जास्त सांगण्यासारखं काही नव्हतं. नळाला मात्र दिवसातून दोनदा पाणी यायचं.

त्या पाण्यानं ती दिवसभर काही ना काही धूत असे. दुधाचं भांडं तीनदा धुवायची. दुसऱ्याच्या घरी चहा घ्यायची वेळ आलीच तर कप डाव्या हातात धरून पलीकडच्या कडेनं प्यायची, कारण अलीकडच्या कडेला साऱ्या गावाचे ओठ लागलेले असतात. नको त्या वस्तूला हात लागला तर हात तीनदा धुऊन, झटकून, वर बाजूला एकदा थुंकायची. कॉलनीतल्या बायका तिला पाठीमागं किळसबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि त्या बायकांचीही तिला किळस यायची.

अशा बाईला एकुलती एक लेक, रतन. ती लहान असताना तिचं हगणं-मुतणं काढायला सासू होती म्हणून निभावलं. पुढं सासू गेली आणि पोर आपली आपण मोठी झाली.

पंचावन्न सालच्या सुमाराला कारखान्यात नवी यंत्रं बसवायला एक गोरा इंजिनियर आला. त्याच्या देशाचं नाव चेकोस्लोव्हाकिया. एवढं नाव घेईपर्यंत माणसाला धाप लागायची, म्हणून सगळे त्याला चेकसाहेब म्हणू लागले, आणि काही कामगारांची शेवटपर्यंत समजूत होती की हा माणूस काम चेक करायला ठेवलाय. त्याची बायको व्हेरा मॅडम. चाळिशीची, वाळक्या शेंगेसारखी बाई, मान कायम ताठ. तरुणपणी ती तिकडच्या मोठ्या नाटकघरात नाचलेली होती. बंगल्यात बसून तिला करमेना. एक दिवस ती कॉलनीच्या शाळेत आली, मुलींना ओळीत उभं केलं, टाचा जुळवून चवडे बाहेर काढायला लावले, एकेकीचा घोटा बोटांनी दाबून पाहिला आणि पाच पोरी निवडल्या. त्यातल्या चार कारखान्यातल्या मोठ्या साहेबलोकांच्या होत्या. पाचवी रतन, तेव्हा तेरा वर्षांची.

मॅडमनं हेडमास्तरांना सांगितलं, मी बॅले शिकवणार. हेडमास्तरांनी तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. व्यायामासारखं काही का, असं त्यांनी विचारलं. मॅडमनं मोडक्या हिंदीत सांगितलं की हो, पायांचा व्यायाम, फार कष्टाचा. हेडमास्तरांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मुलींची कवायत, मंगळवार व शुक्रवार, क्लबात.’ पुढं जे रामायण घडलं ते या एका शब्दानं.

महिपतीला तर आकाश ठेंगणं झालं. साहेब शंभर पावलांवर दिसला तरी हा माणूस कमरेत वाकायचा. आता त्याची पोर साहेबांच्या पोरींच्या रांगेत उभी राहणार होती. बारामतीच्या बाजारात भेटेल त्याला तो सांगू लागला की आमची रतन मॅडमच्या कवायतीत हाय. लोकांच्या डोळ्यांपुढं लेझीम आणि डंबेल्स यायचे. त्याच्याही डोळ्यांपुढं तेच होतं, कारण साहेबलोकांच्या क्लबाच्या पायरीवर चढायची त्याची छाती नव्हती.

मुक्ताबाई मात्र गेली. दुसऱ्याच आठवड्यात, दळण आणायच्या निमित्तानं, क्लबाच्या मागच्या खिडकीशी उभी राहिली. आत भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर एक लाकडी दांडा ठोकला होता. पोरी तो धरून उभ्या होत्या, झगे गुडघ्याच्या वर. कोपऱ्यात फोनो वाजत होता. मॅडमच्या अंगाला काळं, घट्ट, कातडीसारखं काहीतरी चिकटलेलं होतं, आणि तिनं बघता बघता एक पाय उचलून आपल्या खांद्याच्या रेषेत नेला. कवायतीत गाणं नसतं आणि मांड्या नसतात, एवढं मुक्ताबाईला कळत होतं. हा सरळसरळ नाच होता. पोरीचा दंड धरून घरी न्यायचं, या इराद्यानं ती दाराकडं वळली.

तेवढ्यात मॅडम फरशीवर मांडी घालून बसली. रतनचा पाय, शाळेच्या मैदानातली धूळ लागलेला, भेगाळलेला पाय तिनं उचलून मांडीवर घेतला आणि एकेक बोट ओढून कसं लांब ठेवायचं ते दाखवू लागली. मग त्याच हातानं स्वतःच्या कपाळावरचे केस मागं सारले. हात धुतला नाही, पुसलाही नाही. मुक्ताबाई खिडकीशी खिळून राहिली. आपल्या पोरीचा पाय आपण शेवटचा कधी हातात घेतला होता, ते तिला काही केल्या आठवेना.

घरी आल्यावर महिपतीनं विचारलं, कशी काय कवायत. ती म्हणाली, बरी आहे. तिथून पुढं त्या घरात सगळे तोच शब्द वापरू लागले. तिघांपैकी दोघींना ठाऊक होतं की तो खोटा आहे.

मॅडमला घाई नव्हती. वर्षभर तिनं पोरींना नुसतं चवड्यांवर चढवलं आणि उतरवलं. दांडा धरून शंभर वेळा वर, शंभर वेळा खाली, घोट्यात बळ येईपर्यंत. साहेबांच्या पोरी कंटाळल्या. एकीला ताप आला, एकीच्या आईला वेळ जमेना, दोघींना आपसूकच शिवणकाम आवडू लागलं. रतन एकटी उरली. घरी ती खिडकीचा गज धरून तेच करत राही. महिपती ते बघून म्हणे की पोर अभ्यासाला लागली.

मग परदेशातून पार्सल आलं. त्यात गुलाबी साटिनचे दोन जोड निघाले. वरून नाजूक, पण बोटांच्या जागी आत कापड आणि खळ यांचे थरावर थर देऊन लाकडासारखं टणक केलेलं. खाली चामड्याचा अरुंद तळ, आणि घोट्याला गुंडाळायला रिबिनी. यात पाय घालून थेट बोटांच्या शेंड्यांवर उभं राहायचं. रतननं आईला समजावून सांगितलं होतं की बोटं आत मुडपायची नाहीत, सरळ ठेवायची. सगळा भार कमरेतून वर ओढून धरायचा, म्हणजे बोटांवर कमी येतो. गुडघा वाकू द्यायचा नाही. आणि उतरताना धप्पकन उतरायचं नाही, पाऊल सावकाश उलगडत टाचेवर यायचं. सुरुवातीला दहाच मिनिटं, पुढं वाढवत न्यायचं. आणि मॅडमचा सगळ्यात मोठा नियम असा, की पायात काय चाललंय ते तोंडाला कळता कामा नये. तोंड प्रसन्न.

पायात काय चाललं होतं ते मुक्ताबाईला लवकरच दिसलं. पहिल्या महिन्यात बोटांवर फोड आले आणि फुटले. बोटांभोवती गुंडाळायचा कापूस मांसाला चिकटायचा आणि काढताना वरची साल घेऊन यायचा. मग उजव्या अंगठ्याचं नख निळं झालं, काळं झालं आणि एक दिवस मोज्यात निघून आलं. खालून ओलसर, गुलाबी, बिनकातडीचं काहीतरी दिसत होतं. जखमांना वास यायचा. मुक्ताबाईला तो जेवताना यायचा, झोपताना यायचा, देवापुढं उदबत्ती लावली तरी यायचा. कारखान्याच्या मळीच्या वासात इतकी वर्षं काढलेल्या बाईला पोटच्या पोरीच्या पायाचा वास सोसेना. ती पदर नाकाला लावून सांगायची, तिकडं मोरीत जा, माझ्यासमोर सोडू नकोस. तेल-हळदीची वाटी ती लांबूनच फरशीवरून सरकवायची. वाटी मोरीच्या काठाला लागून थांबायची आणि रतन ती उचलून घ्यायची.

बुटांचीही तिला तेवढीच शिसारी. चामडं कुठल्या जनावराचं कोण जाणे. त्यातल्या खळीला मुंग्या लागायच्या, म्हणून ते एका पत्र्याच्या डब्यात घालून मागच्या सरपणात ठेवायचे. पण शेंड्याचं साटिन आठ दिवसांत फाटायचं, आणि तिथं जाड दोऱ्यानं दाट टाके घालावे लागायचे. मॅडमच्या त्या टाक्यांना गोधडीच्या टाक्यांइतकं जवळचं दुसरं काही नाही, आणि मुक्ताबाईच्या गोधडीला सगळ्या कॉलनीत तोड नव्हती. शेवटी तीच घालायची. नाकावर पदर बांधून, बूट फडक्यात धरून, तोंड वाकडं करून ती टाके घालायची. टाका मात्र कधी वाकडा गेला नाही.

हे सगळं ती का सोसत होती, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकदा दुपारी मागच्या पडवीत रतन काही न धरता वर चढली. दोन्ही बोटांवर, हात डोक्यावर, चार अंक मोजेपर्यंत. टाचा जमिनीपासून वीतभर उंच. मुक्ताबाईनं लगेच घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

रतनला पंधरावं सरत आलं आणि सुप्याहून स्थळ आलं. घर जिरायत जमिनीचं, पण जमीन भरपूर, आणि मुलगा बारामतीला शिकलेला. मुलाचा बाप अप्पा; पण त्या घरात पान हलायचं ते त्याच्या विधवा बहिणीच्या, दगडाबाईच्या हुकमानं. पोरी पारखण्यात ती म्हणे बैलबाजारातल्या हेड्यालाही हार जायची नाही. महिपतीनं परस्पर रविवार ठरवूनही टाकला.

मुक्ताबाईनं महिनाभर पुढं ढकला म्हणून पाहिलं. का ढकलायचं, हे सांगता येईना. रतनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिला लग्न नको, क्लबाच्या संमेलनात मॅडम तिला एकटीला उभी करणार आहे. तुला विचारलंय कुणी, असं आई म्हणाली, आणि रविवारी सकाळी हळदीची वाटी सरकवून तिनं लांबूनच सांगितलं, पायांना जाड लेप दे, काही दिसता कामा नये.

पाहुणे दुपारी आले. अप्पा शेलाटा, मिशीला पीळ. दगडाबाई ठेंगणी, डोळे बारीक, हात सदा काहीतरी चाचपणारे. रतन नऊवारी नेसून समोर बसली. दगडाबाईनं तिचे केस हातानं ओढून पाहिले, दात पाहिले, सुईत दोरा ओवून घेतला. महिपती दोन्ही हात जोडून कोपऱ्यात उभा होता आणि दगडाबाई काहीही बोलली तरी हसत होता. मुक्ताबाईला वाटलं, खोंड विकायला आणलेला माणूससुद्धा याहून ताठ उभा राहतो.

मग दगडाबाईनं पोरीला पाय धुऊन चालायला सांगितलं. ओल्या पावलांचा ठसा बघायची ही तिच्याकडची जुनी रीत. सपाट पावलाची पोर घराला लागत नाही म्हणतात. हळदीचा लेप मुक्ताबाईनं शंभर गोष्टींपासून जपला होता, पाण्याचं मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. सगळी हयात पाण्यात घालवलेली बाई ती. नाही म्हणायची सोय नव्हती. रतन मोरीत पाय धुऊन आली आणि शहाबादी फरशीवरून चालत गेली.

ठसे उमटले ते चवडे बाहेर फेकलेले, बदकासारखे. दगडाबाई वाकली. ठशांपाशी पिवळ्या पाण्यात एक लालसर रेघ होती. तिनं रतनच्या लुगड्याचा काठ उचलला आणि बघतच राहिली. एका अंगठ्याला नख नाही, दुसऱ्याचं काळं पडलेलं, मधल्या बोटांच्या पेरांवर घट्टे, करंगळीची साल निघालेली. दगडाबाईनं बांगडीला अडकवलेली पिन काढली, उघडली, आणि रतनच्या अंगठ्यात खुपसली.

रतन हलली नाही. तिच्या डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. मान ताठ, ओठांवर मॅडमनं शिकवलेलं ते बारीकसं हसू. अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला. दगडाबाईनं आणखी एकदा, जरा खोल टोचली. तेच हसू.

दगडाबाई सरळ झाली. आवाज न चढवता म्हणाली, “अप्पा, ऊठ. पोरीला म्हारोग हाय. टोचल्यालं कळंना तिला.”

ती बाहेर ओट्यावर गेली आणि पाणी मागितलं. मुक्ताबाईनंच तांब्या नेला. दगडाबाईनं हात धुतला, पुन्हा धुतला, तिसऱ्यांदा धुतला, झटकला, आणि बाजूला थुंकली. मुक्ताबाई तांब्या धरून बघत होती. ती रीत तिच्या ओळखीची होती. तीनदा धुणं, झटकणं, थुंकणं, आणि तोंडावरची ती मुरड. जन्मभर ती हेच करत आली होती, फक्त ते समोरून कसं दिसतं हे तिनं पाहिलं नव्हतं. फार घाण दिसत होतं.

महिपती धोतर सावरत मागोमाग आला. रोगाचं नाव कॉलनीत फुटलं तर नोकरीसुद्धा जाणार, हे त्याला दिसत होतं. “आवं आत्याबाई, रोग न्हाय, देवाशपथ न्हाय,” तो काकुळतीला आला. “कवायत हाय ती. साहेबाच्या मॅडमची कवायत. पाय कवायतीनं झाल्यात तसं.” आणि आत वळून ओरडला की रतन, दाखव गं, दाखव कवायत पाव्हण्यांना.

रतननं आईकडं पाहिलं. मुक्ताबाईला तेव्हाही सांगता आलं असतं की पोरीचा पाय मुरगळलाय, आज जमायचं नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि दारातून बाजूला झाली. रतन मागं गेली, डबा घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसून सगळ्यांदेखत तिनं बोटांना कापूस गुंडाळला, बूट चढवले, रिबिनी घोट्याला बांधल्या. टोचलेल्या अंगठ्याचं रक्त कापसावर पसरलं.

ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. चवडे बाहेर, टाचा जुळलेल्या. मग कमरेतून वर ओढली जात ती सरळ दोन्ही बोटांवर चढली. हात सावकाश वर गेले. त्याच बोटांवर बारीक बारीक पावलं टाकत, टक टक टक, ती फरशीवरून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली, काष्ट्यातून एक पाय मागं सरळ उचलला, आणि एका पायाच्या शेंड्यावर क्षणभर थांबली. फोनो नव्हता. खोलीत तेवढाच आवाज होता. नवऱ्याचं तोंड उघडं पडलेलं मुक्ताबाईनं पाहिलं. अप्पाचे डोळे पोरीच्या पोटरीवर चिकटलेले पाहिले, आणि जिभेनं मिशीची कड ओली करताना त्याला पाहिलं. तिला वाटलं, या माणसाच्या अंगावर मोरीतलं पाणी ओतावं.

रतन बोटांवरून पाऊल उलगडत खाली उतरली. अजिबात आवाज झाला नाही.

दारातून बघत असलेल्या दगडाबाईनं पदर डोक्यावर ओढला. “रोग असता तर औशीद केलं असतं,” ती म्हणाली. “नाचीला औशीद न्हाय.”

बैलगाडी गेली. दोन बशांतले पोहे तसेच राहिले होते आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या. मुक्ताबाईनं त्या हाकलल्या नाहीत. महिपती बराच वेळ भिंतीकडं तोंड करून बसला होता. आपल्याला फसवलं, असं म्हणाला. हेडमास्तरानं फसवलं, मॅडमनं फसवलं, बायकोनं फसवलं. पोरीकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. मग म्हणाला की आत्याबाई बोलल्या ते खोटं नाही, रोग असता तरी बरं झालं असतं.

ते रतननं मोरीतून ऐकलं. मुक्ताबाईनं तिच्या खाली गेलेल्या मानेवरून ओळखलं.

“ते पायातलं चुलीत घाल,” महिपतीनं बायकोला हुकूम सोडला. आणि थोडं थांबून, आवाज उतरवून पुढं म्हणाला, “आन मॅडमला सांग, पोर आजारी हाय म्हनून. साहेबाला राग याय नगो.”

मुक्ताबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. या माणसाचं उष्टं तिनं काढलं होतं, त्याची धोतरं धुतली होती, त्याच्या तंबाखूच्या पिंका पुसल्या होत्या, आणि त्या सगळ्याची तिला वेळोवेळी किळस आली होती. पण आत्ता आली तशी कधी आली नव्हती. ही पोटातून वर येत नव्हती, सबंध अंगभर बसत होती, आणि हिला धुवायला पाणी कुठून आणायचं ते तिला कळेना.

ती मोरीत गेली. रतन दगडावर बसून रिबिनी सोडत होती. कापूस बोटाला चिकटला होता आणि ती तो पाण्यानं भिजवून सोडवत होती, सवयीच्या हातानं, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय असावा.

“टोचल्यालं कळलं न्हाय तुला?” मुक्ताबाईनं विचारलं.

“कळलं की.”

“मग वरडायचंस तरी.”

“तोंडावर दावायचं न्हाय,” रतन म्हणाली. “वरीसभर दुखतंय, आई.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मुक्ताबाईला फरशीवरून सरकत जाणाऱ्या वाट्या आठवल्या. मॅडमनं पोरीला तोंड प्रसन्न ठेवायला शिकवलं हे खरं; पण घरात दुखलं तर सांगायचं कुणाला, हे पोर त्याच्या आधीच शिकून बसली होती, आणि ते शिकवायला कुणी चेकसाहेबाची बायको आली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली. वाटी सरकवणारा आपला हात तिला त्या काळ्या नखापेक्षा घाण वाटला.

तिनं पदर कमरेला खोचला, ओल्या फरशीवर बसली आणि रतनचा उजवा पाय ओढून मांडीवर घेतला. रतननं दचकून पाय मागं घेतला. तिनं तो पुन्हा ओढला. वास आला. बोटांच्या बेचक्यात पिवळं साकळलं होतं, आणि कापूस सुटताना करंगळीची उरलेली साल त्याच्याबरोबर आली. मुक्ताबाई उठली, कोपऱ्यात वाकून दुपारचं सगळं ओकली, चूळ भरली, आणि परत येऊन तोच पाय मांडीवर घेतला. या खेपेला रतननं तो मागं घेतला नाही. थोड्या वेळानं तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडायला लागली. दुखतंय, आई, दुखतंय, असं म्हणत राहिली, आणि मुक्ताबाई बोटामागून बोट धूत राहिली.

रडण्याच्या आवाजानं महिपती मोरीच्या दाराशी आला. बूट जाळले का, म्हणून विचारलं.

“न्हाय. शेंड्याचं टाकं उसवल्यात, ते घालायचं हाईत,” मुक्ताबाई मान वर न करता म्हणाली. “मंगळवारी नाच हाय तिचा. बंद करायचा आसंल तर बंगल्यावर जाऊन मॅडमला तुमीच सांगा.”

बंगल्याच्या पायरीवर सरळ उभं राहून नाही म्हणायचं, हे महिपतीच्यानं या जन्मी होणार नव्हतं, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं. तो तिथंच घुटमळला. त्याची नजर बायकोच्या मांडीवरच्या पायाकडं गेली, नख नसलेल्या अंगठ्याकडं, तिच्या बोटांना लागलेल्या पुवाकडं. त्यानं नाकाला उपरणं लावलं.

“तुला किळस न्हाय येत व्हय?” तो म्हणाला.

“येती की,” मुक्ताबाई म्हणाली, आणि दुसरा पाय मांडीवर घेतला. “पर पायाची हाय ती धुतली म्हंजी जाती.”